लाइन चालू होती

फोन घ्यायच्या आधी ताई उजव्या कानातलं काढून टेबलावर ठेवायच्या. मग हेडफोन चढवायचा, पाठ ताठ करायची आणि म्हणायचं, "बोला, मी ऐकून राहिले." समोरचा हिंदी बोलणारा असला तर, "बोलिए, सुन रही हूँ." फॅक्टरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही सहा जणी होतो, पण 'हॅलो' न म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

"हॅलो काहून म्हणायचं?" त्या मला म्हणाल्या होत्या. "ज्याला गरज आहे त्यानं फोन केला ना? त्याला कळलं पाहिजे, इथं माणूस बसला आहे."

त्यांचं नाव मी लिहीत नाही. जबलपूरच्या आमच्या फॅक्टरीत ज्यांनी त्या काळात नोकरी केली, त्यांना ते सांगायची गरज नाही. आवाज आठवला की पुरे. गोड वगैरे नव्हता तो. स्वच्छ होता. एक शब्द दुसऱ्याला चिकटायचा नाही. तुम्ही कधी घाईत, काळजीत फोन केला असेल, तर असा आवाज कानावर पडल्यावर अर्धी काळजी कशी उतरते ते तुम्हालाही ठाऊक असेल.

आणि कान! एका फोरमननं एकदा सकाळी फोन केला, कण्हत, की ताप आहे, येऊ शकत नाही. मागून घंटा आणि नाववाल्यांची ओरड ऐकू येत होती. ताई शांतपणे म्हणाल्या, "भैया, बुख़ार में ग्वारीघाट के पीसीओ तक कैसे पहुँच गए?" पलीकडे कण्हणं थांबलं. मग त्यांनी त्याला साहेबांची लाइन जोडून दिली, आणि साहेबांना एक अक्षर सांगितलं नाही. "आपलं काम जोडायचं. तोडायचं काम करणारे बाकी पुष्कळ आहेत."

मी तिथं नवी असताना एक बाई सारखा फोन करायची, शेडमधल्या नवऱ्याला बोलवा म्हणून. शेडमधून माणूस बोलावून आणायला वेळ लागायचा. एकदा मी कंटाळून सांगितलं, "लाइन डेड है." बोर्डवर त्या शेडचा दिवा चांगला पेटलेला होता. ताईंनी माझ्या हातातला प्लग घेतला, स्वतः लाइन जोडली, त्या बाईचं बोलणं होईपर्यंत थांबल्या, आणि मग दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. सुटी व्हायच्या वेळी एवढंच म्हणाल्या, "थकली असशील तर मला सांग, मी बसते. पण चालू लाइन डेड आहे म्हणून कोणाला सांगायचं नाही. त्या माणसाला दुसरा रस्ता नसते." मग जणू काही झालंच नाही अशा थाटात मला सोबत घेऊन पोहे-जिलबी खायला गेल्या.

पुढे ऑटोमॅटिक बोर्ड आला आणि एक्स्चेंज उठलं. आम्हा दोघींना आवक-जावक विभागात पाठवलं. तिथं मी पहिल्यांदा त्यांचा उजवा हात पाहिला. पत्रावर शिक्का मारला, तो दोनदा उमटला.

"ताई, दोनदा बसला."

"महत्त्वाचं पत्र आहे," त्या म्हणाल्या आणि हात फायलीखाली सरकवला.

पार्किन्सन्स हा शब्द त्यांनी मला वर्षभरानं सांगितला. मग गोळ्या, गोळ्यांच्या वेळा, गोळीचा असर उतरला की लाकडासारखं होणारं अंग. निवृत्तीनंतर तर दार आलं की पाय जमिनीला खिळायचे. मोकळ्या अंगणात नीट चालायच्या, पण उंबऱ्यापाशी पुतळा. मी त्यांच्या पावलापुढं छत्री आडवी ठेवायची, ती ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जायचा. "माझ्या पायांना सरळ सांगितलेलं समजत नाही," त्या म्हणायच्या. "अडथळा आणला की समजते. सरकारी पाय आहेत, बापा."

त्यांचे यजमान आमच्याच फॅक्टरीतल्या टूलरूममध्ये होते. मी त्यांना भाऊजी म्हणायची. उंच, हळू बोलणारे, कोणाचंही अडलं की उभे राहणारे. मूलबाळ नव्हतं. राइट टाउनमध्ये पहिल्या मजल्यावर दोघंच राहायचे आणि मी मागच्याच गल्लीत. ताईंचा हात चालेनासा झाला तेव्हा भाऊजी वेणी घालायला शिकले. त्यांच्या पोळीचे तुकडे करायचे, गोळीच्या वेळेला घड्याळ लावायचे, रात्री कुशीवर वळवायचे. आमच्या गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण द्यायच्या. मीही दिलं आहे.

शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी मेंदूचं ऑपरेशन सुचवलं. डोक्यात दोन बारीक तारा घालायच्या, त्या कातडीखालून, कानामागून खाली आणायच्या आणि छातीत, हाडाखाली बसवलेल्या बॅटरीला जोडायच्या. बॅटरी सतत थोडा थोडा करंट देते, त्यानं कंप थांबतो. रोग जात नाही, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं.

ऑपरेशनच्या वेळी त्यांना जागं ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, काहीतरी बोलत राहा, म्हणजे तार बरोबर जागी बसली की नाही ते कळेल. ताईंना काही सुचेना, म्हणून त्यांनी जुन्या बोर्डवरच्या लाइनी ओळीनं म्हणायला सुरुवात केली. मोठं गेट, दवाखाना, फायर, वर्क्स ऑफिस, कॅन्टीन. "कॅन्टीनला हात थांबला," त्या नंतर मला सांगत होत्या. डोक्यावर एक केस नव्हता आणि डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. "मी पाहतच राहिले. माझाच हात, अन् गप्प पडला आहे. डॉक्टर म्हणतात, रुको मत, बोलते रहिए. काय बोलू? रडू येऊन राहिलं होतं." मग छातीवरच्या उंचवट्याला बोट लावून म्हणाल्या, "एक्स्चेंज उठलं नाही बरं. माझ्यातच आणून बसवलं त्यांनी."

ते दिवस फार चांगले होते. त्यांनी स्वतःची वेणी स्वतः घातली. पनागरहून मटार घेऊन येणाऱ्या भाजीवालीसमोर बसून तिच्याहून भराभर शेंगा सोलून दाखवल्या. एका मॉलच्या दारात तपासणीच्या कमानीखालून त्यांना जायचं नव्हतं, तर गार्डला म्हणाल्या, "बेटा, मेरे अंदर बिजली है, मुझे बाजू से जाने दो." गार्डनं हात जोडले. त्याला वाटलं बाईंच्या अंगात देवी येते.

भाऊजींचा आनंद तर विचारू नका. कोणी आलं की ताईंच्या हातात काठोकाठ भरलेला ग्लास द्यायचे. "पाहा. एक थेंब नाही." पाहुणे वाहवा करायचे. पहिल्या महिन्यात ताई हसायच्या. मग हसणं कमी झालं.

कारण हात शांत ठेवायला करंट वाढवावा लागत होता, आणि करंट वाढत गेला तसा आवाज जाऊ लागला. एकदम नाही. आधी शब्दांची टोकं गेली, मग शब्द एकमेकांत मिसळले. तोंडात काही धरून बोलावं तसं, घाईघाईचं आणि खालच्या पट्टीत. समोर बसलं तर समजायचं. फोनवर काहीच नाही. गल्लीतली वीज गेली तेव्हा त्यांनी तक्रार करायला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "अंकल, पीकर फ़ोन मत किया करो," आणि फोन ठेवला.

मी शेजारीच होते. ताई आधी हसल्या. मग फोन उपडा ठेवला. त्यानंतर त्यांनी फोनला हात लावला नाही. कोणाशी बोलायचं असलं की मला बोलवायच्या, कानाशी पुटपुटायच्या, आणि मी फोनवर सांगायची, "ताई म्हणून राहिल्या..."

नागपूरला तपासणीला जाताना भाऊजींनी मला सोबत घेतलं. होळी नुकतीच झाली होती. डॉक्टरांनी सकाळभर करंट कमी-जास्त करून पाहिला. ताई इतक्या दमल्या की शेजारच्या खोलीत जाऊन झोपल्या. डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. हातात मावणारा रिमोट दाखवला. म्हणाले, यात आता दोन सेटिंग आहेत. पहिलं आत्ता चालू आहे तेच, हात स्थिर, बोलणं जड. दुसऱ्यात करंट कमी आहे. बटण दाबल्यावर पंधरा-वीस मिनिटांत बोलणं मोकळं व्हायला लागेल, पण हात थोडा कापेल. दोन्ही सुरक्षित आहेत. "कब कौन सा रखना है, ये उन्हीं को तय करने दीजिए," ते म्हणाले. "उन्हें सिखा दीजिए."

परतीच्या गाडीत ताई खिडकीशी झोपल्या होत्या. भाऊजी माझ्याकडे वाकले.

"दीदी, ते दुसरं बटन तिला सध्या सांगू नका."

"काहून?"

"पंधरा वर्षं मी तो हात पाहिला आहे. झोपेतसुद्धा कापायचा. आता शांत आहे." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं सांगत नाही. "परत नाही पाहवणार मला. अन् बोलायचं काय राहिलं? तिचं सगळं समजते मला. लोकांचं तुम्ही सांगता. चाललं आहे ना?"

मी म्हटलं, "बरं."

का म्हटलं? मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. वेणी घालणारा तो माणूस, रात्री उठणारा तो माणूस, मी कोण त्यांच्यात बोलणारी? नवरा-बायकोचा मामला. पण एक कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं, ते आता लिहिते. एक्स्चेंजमध्ये मी कायम त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. लोक फोनवर विचारायचे, "वो नहीं हैं क्या?" आता लोक मला फोन करत होते. ताईंची खबर मी देत होते, ताईंचा निरोप माझ्या तोंडून जात होता. मला ते आवडू लागलं होतं.

रिमोट भाऊजींनी कपाटात ठेवला. ताईंना सांगितलं, डॉक्टर म्हणाले वयामुळे बोलणं असंच राहील. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

होळीपासून दिवाळीपर्यंत. आठ महिने.

दिवाळीनंतर भाऊजी एका मित्राच्या घरच्या साखरपुड्याला दिवसभरासाठी पनागरला गेले. मी ताईंजवळ होते. दुपारी अमरावतीहून त्यांच्या भाचीचा फोन आला. ताईंचे थोरले भाऊ दवाखान्यात होते, दुसऱ्या दिवशी हृदयाचं ऑपरेशन होतं. "आत्याशीच बोलायचं म्हणून हट्ट करून राहिले बाबा."

मी स्पीकर लावला. ताईंनी दोन्ही हातांनी फोन धरला. "दादा," त्या म्हणाल्या. निदान मला ते 'दादा' असं ऐकू आलं. भावाला आधीच कमी ऐकू यायचं.

"कोण?" ते म्हणाले. "कोण आहे?"

ताई पुन्हा बोलल्या. जोर लावून, सावकाश. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"पोरी, तू कोणाला फोन लावला? हे कोण पुरुष माणूस बोलून राहिलं?"

ताईंनी फोन माझ्यापुढं धरला. नेहमीसारखं. मी तोंड उघडलं, "ताई म्हणून राहिल्या" एवढं म्हणायला, आणि ते म्हटलंच नाही. मी भाचीला म्हटलं, अर्ध्या तासानं करते. कपाट उघडलं, रिमोट आणला आणि ताईंच्या समोर दुसरं बटण दाबलं.

आम्ही बसून राहिलो. आधी उजव्या हाताचा अंगठा हलला. मग बोटं, गोळी वळावी तशी. किती महिन्यांनी तो हात असा पाहत होते. ताईही त्याच्याकडेच पाहत होत्या. घड्याळात वीस मिनिटं गेली.

"हे काय केलंस?" ताई म्हणाल्या.

तीन शब्द, वेगवेगळे. त्यांनी स्वतःच तोंडावर हात नेला. तो हात ओठांवर थडथडत होता.

अमरावतीला फोन मी लावून दिला. "दादा, मी आहे," त्या म्हणाल्या आणि पलीकडून भाऊ म्हणाले, "हां, आता लागली तू!" मी स्वयंपाकघरात निघून गेले. तिथूनही शब्द न् शब्द ऐकू येत होता. लहानपणच्या कोणत्या तरी विहिरीची गोष्ट होती, मग कोणाच्या तरी लग्नातली फजिती. दोघंही हसत होते. फोन ठेवायच्या आधी ताई म्हणाल्या, "भिऊ नका. मी तर जागी होते तेव्हा. तुम्हाला झोपवतील."

मग हाक आली. मी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिले.

"हे बटन केव्हापासून आहे?"

"नागपूरहून आलो तेव्हापासून."

"होळीपासून." त्यांनी मान हलवली. "यांना माहीत होतं?"

"हो."

"अन् तुला?"

"हो, ताई."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्याकडे नुसत्या पाहत होत्या. अनोळखी माणसाच्या चेहऱ्यात ओळखीचं काही सापडतं का ते पाहावं, तसं.

"ह्यांचं समजते मला," त्या म्हणाल्या. "ते घाबरतात. पण तू माझ्या शेजारी बसून काम शिकली. लाइन चालू होती, अन् तू मला डेड सांगितली."

भाऊजी संध्याकाळी आले ते मटारची पिशवी घेऊन. ताईंनी मला जाऊ दिलं नव्हतं. "या," त्या त्यांना म्हणाल्या. त्या एका शब्दानंच भाऊजींना कळलं. पिशवी हातातच राहिली. त्यांनी ताईंकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"दीदी, तुम्ही मला शब्द दिला होता."

"तिनं तुम्हाला दिला," ताई म्हणाल्या. "तुम्ही तिच्याकडून घेतला. मला कोणी विचारलं?"

"तुझ्या भल्यासाठी केलं मी. हात कापला की तूच रडायची. सांग, रडायची की नाही?"

"रडायची. पण काहून रडते ते सांगता तर येत होतं." त्यांचा हात मांडीवर उडत होता, त्यांनी तो लपवला नाही. "माझी बॅटरी माझ्या छातीत आहे. बटन माझ्या हातात द्या."

"मी काय कमी केलं तुझ्यासाठी?" भाऊजींचा आवाज फाटला.

"काहीच नाही," ताई म्हणाल्या. "म्हणून तर मी विश्वास ठेवला."

त्या दिवसापासून रिमोट ताईंच्या कमरेच्या बटव्यात असायचा. आणि मग त्यांनी जे केलं ते आमच्या गल्लीत कोणाला समजलं नाही, मला समजलं. भाजीवाली आली, भाचीचा फोन आला, कोणी जुनी मैत्रीण आली की त्या दुसरं बटण दाबायच्या. हात कापायचा आणि त्या पोटभर बोलायच्या. भाऊजींसमोर मात्र पहिलं. त्यांचं ताट वाढायच्या, शर्टाला बटण लावून द्यायच्या, काम सारं चोख, हात अगदी स्थिर. बोलायच्या नाहीत. भाऊजींनी हात मागितला होता, त्यांना हात मिळाला.

एकदा भाऊजी माझ्या दारात आले. आत बसले नाहीत. "दीदी, तिला म्हणा ना, माझ्यावर ओरड," एवढं म्हणून उभे राहिले. मी काय म्हणणार? माझ्यातर्फे ताईंशी बोलेल असं मलाच कोणी नव्हतं.

भाऊ ऑपरेशनमधून बरे झाले आणि जानेवारीत ताईंनी ठरवलं, अमरावतीला जाऊन राहायचं. कायमचं. गल्लीत बायका म्हणाल्या, एवढं करणाऱ्या नवऱ्याला या वयात टाकून जाते, काय म्हणावं हिला. माझ्या घरच्या ओट्यावरच हे चाललं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, गाडीत काय ठरलं, मी मान कशी हलवली. एक जण चहा अर्धा ठेवून उठली. तेव्हापासून आमच्या ओट्यावर कोणी बसत नाही, आणि ते बरोबरच आहे.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. जिन्यातूनच त्यांचा आवाज आला. फोनवर भाचीला सांगत होत्या, गाडीत कोणता डबा, कोणत्या बाजूनं उतरायचं, स्टेशनवर व्हीलचेअर नको, हात धरायला माणूस हवा. मी जिन्यातच थांबून ऐकत राहिले. खूप वेळ थांबावंसं वाटलं.

मी दारात दिसल्यावर त्या म्हणाल्या, "ठेवते." फोन खाली ठेवला. मग बटव्यातून रिमोट काढला, माझ्यादेखत पहिलं बटण दाबलं आणि परत बटव्यात ठेवला.

पलंगावर साड्यांचा ढीग होता. मी समोर उभी राहिले. हात हळूहळू शांत होत गेला. मग त्यांनी एक साडी उचलली, तिची दोन टोकं माझ्याकडे दिली आणि दोन आपल्याकडे ठेवली. आम्ही मागे सरलो, साडी ताणली, मधोमध घडी घातली. टोकं जुळवायला मी पुढं गेले. त्यांनी माझ्या बोटांतून काठ काढून घेतला, न थरथरता, आणि दुसरी साडी उचलली.

अशा आम्ही बावीस साड्या घडी केल्या.